गाडी थांबवण्याचा अधिकार



ज्या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, राज्यघटना, सहकार, शेती आणि संगीत अशा विषयांवर अधिकारी वक्त्यांनी आपले विचार मांडले, त्या व्यासपीठावर मालवाहू ट्रकांच्या ताफ्यांचे सुरक्षाविषयक नियमपालन हा विषय घेऊन उभे राहण्यात थोडेसे धारिष्ट आहे, याची मला जाणीव आहे. परंतु ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गृहस्थांनी आपल्या हयातीत नगरपालिकेची गटारे, दवाखान्यातील औषधांचा साठा आणि शाळांच्या इमारतींची डागडुजी अशा रूक्ष कामांतच आपली बुद्धी खर्च केली, आणि रूक्ष काम नीट झाले नाही म्हणजे त्याची झळ बहुधा त्या कामाशी काडीचाही संबंध नसलेल्या माणसांना लागते, असे ते वारंवार सांगत. तेव्हा माझा विषय त्यांना अप्रिय वाटला नसता, अशी मी माझ्या मनाची समजूत घालतो.

वाहतुकीच्या धंद्यातील दफ्तरे तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. सन 2022 मध्ये भारतात रस्त्यांवर 4,61,312 अपघात होऊन त्यांत 1,68,491 माणसे मृत्यू पावली, हा सरकारी आकडा आपल्यापैकी पुष्कळांच्या वाचनात आला असेल. या आकड्याची भयानकता वर्णन करून सांगण्याचा माझा इरादा नाही. मला सांगावयाचे आहे ते एका लहानशा प्रश्नाविषयी, आणि तो प्रश्न असा : माल भरलेला, कागदपत्रे पूर्ण असलेला, चालक बसलेला ट्रक फाटकाबाहेर पडत असताना ‘ही गाडी आज जाणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार नेमका कोणास आहे?

हा प्रश्न विचारण्यापूर्वी ट्रक चालतो कसा, हे पाहिले पाहिजे. रस्त्यावर आपल्या दृष्टीस पडते ते एक वाहन आणि त्याच्या चाकामागे बसलेला एक मनुष्य. परंतु माल पाठवणारा कारखानदार, त्याच्याकडून वाहतुकीचा ठेका घेणारी मोठी कंपनी, त्या कंपनीस आयत्या वेळी गाडी मिळवून देणारा दलाल, गाडीचा मालक आणि त्या मालकास कर्ज देऊन दरमहा हप्त्याची वाट पाहणारी पेढी, अशा निदान पाच जणांच्या इच्छा त्या एका वाहनास पुढे ढकलीत असतात, आणि या पाचांपैकी एकही जण रात्री घाटात हजर नसतो. ताफा हा शब्द उच्चारताच शंभर-दोनशे गाड्यांची रांग डोळ्यांपुढे येते खरी, पण आपल्या देशातील बहुसंख्य मालकांकडे पाचांहून अधिक ट्रक नसतात. मोठी कंपनी ज्याला आपला ताफा म्हणते तो पुष्कळदा असल्या लहान मालकांच्या भाड्याने घेतलेल्या गाड्यांचाच बनलेला असतो. भाडे दर फेरीला घासाघीस होऊन ठरते. परतीचे भाडे मिळाले नाही तर फेरी अंगावर येते. हप्त्याची तारीख मात्र घासाघिशीने हलत नाही.

आता दफ्तराकडे वळू. ट्रकासोबत नोंदणीपुस्तक, विमा, परमिट, कराची पावती, धुराचे प्रमाणपत्र, चालकाचा परवाना, बिल्टी, ई-वे बिल आणि ज्याला सारा धंदा ‘पासिंग’ या एकाच शब्दाने ओळखतो ते योग्यतेचे प्रमाणपत्र, इतके कागद असावे लागतात, आणि आता ‘वाहन’ व ‘सारथी’ या सरकारी संगणकप्रणालींमुळे त्यांतील पुष्कळशा कागदांची खातरजमा घरबसल्या करता येते. ही सुधारणा क्षुल्लक नव्हे. पण माझा अनुभव असा की, ज्या ताफ्याचे दफ्तर सर्वांत नेटके, त्याचीच वाहने सर्वांत सुरक्षित, असा नियम बांधता येत नाही. नव्या वाहनास पहिल्या दोन वर्षांसाठी, पुढे आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरसाल योग्यतेचा दाखला घ्यावा लागतो. म्हणजे दाखला त्या एका दिवसाचा असतो, आणि ब्रेकचे लायनर मात्र घाटातून रोज ये-जा करणाऱ्या गाडीवर काही आठवड्यांत झिजून जातात. पासिंगच्या दिवसापुरते बरे टायर चढवून परत येताच ते उतरवून ठेवण्याची वहिवाट धंद्यातील कोणासही नवी नाही. अशा गाडीचा कागद खोटा नसतो, ही त्यातली खरी अडचण आहे. अमलदाराने पाहिले ते टायर खरोखरच चांगले होते.

आपल्याकडे मोटारींचा पहिला अखिल भारतीय कायदा 1914 साली झाला, दुसरा 1939 साली, आणि 1988 चा जो कायदा 1 जुलै 1989 पासून अमलात आहे त्यात 2019 साली मोठी दुरुस्ती झाली. या साऱ्या कायद्यांची नजर मुख्यतः दोहोंवर खिळलेली आहे : वाहन आणि चालक. वाहन योग्य आहे काय आणि चालक परवानाधारक आहे काय, एवढे विचारून कायदा बराचसा समाधान पावतो. परंतु वाहन आणि चालक यांना एकत्र आणून, त्यांना वेळेचे व वजनाचे बंधन घालून रस्त्यावर सोडणारा जो धंदा, त्याच्या अंतरंगात तो फारसा डोकावत नाही; आणि जेथे डोकावतो तेथेही किती अडखळत, याचे उदाहरण म्हणून कामाच्या तासांचा प्रश्न घेण्याजोगा आहे.

सन 1961 मध्ये मोटार परिवहन कामगार कायदा झाला. प्रौढ कामगाराकडून दिवसास आठ तासांहून आणि आठवड्यास अठ्ठेचाळीस तासांहून अधिक काम घेऊ नये, लांब पल्ल्याच्या वाहतुकीत फार तर दिवसास दहा व आठवड्यास चोपन्न तासांची मुभा असावी, पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, आणि एका दिवसाचे काम संपून दुसऱ्या दिवसाचे सुरू होईपर्यंत निदान नऊ तास सलग मोकळे मिळावे, असे त्याचे सार होते. मसुदा लिहिणाऱ्यांची दृष्टी स्वच्छ होती, यात शंका नाही. पण हा कायदा लागू व्हावयास आस्थापनेत निदान पाच मोटार परिवहन कामगार असावे लागत. आणि ज्या देशातील बहुसंख्य मालक दोन-तीन ट्रकांवर गुजराण करतात, त्या देशात या एका अटीने केवढा समुदाय छत्राबाहेर राहिला असेल, याची कल्पना श्रोत्यांनीच करावी. राज्य सरकारांना ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार होता. पण असलेला अधिकार न वापरण्याची कला आपल्या सरकारदरबारी उत्तम जोपासलेली आहे. तो कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, 2020 मध्ये सामावून घेण्यात आला आहे.

याच कायद्यातील आणखी एक तपशील माझ्या मनात सलत राहिला. कामाच्या तासांची व्याख्या करताना मुक्कामाच्या ठिकाणी नुसते हजर राहण्याचा काळ पंधरा मिनिटांहून कमी असेल तर तो कामात धरावा, असे तीत म्हटले होते. वेळापत्रकाने धावणाऱ्या प्रवासी मोटारीच्या वाहकास ही व्याख्या न्याय देते, कारण त्याचा दीर्घ थांबा म्हणजे बहुधा विश्रांती. ट्रकचालकाचे तसे नाही. कारखान्याच्या फाटकावर तो सकाळी पोहोचतो, माल भरावयास संध्याकाळ होते, मधला सारा वेळ उन्हात तापलेल्या केबिनमध्ये, रांगेतील आपला क्रमांक जाईल या धास्तीने धड झोप न घेता जातो, आणि ज्या घटकेस कायद्याच्या व धंद्याच्या हिशेबाने त्याचे काम सुरू होते त्या घटकेस तो शरीराने बारा तासांचा थकलेला असतो. धंद्यात याला गाडी ‘खोटी होणे’ म्हणतात. या खोटीचा मोबदला मालकालाही मिळताना मारामार. चालकाच्या झोपेचा हिशेब कोणत्याच वहीत नसतो.

भिवंडीच्या गोदामांतून दिल्लीस जाणारी गाडी घ्या. अंतर सुमारे 1400 किलोमीटर. रस्त्यावरील नाकी, जेवणखाण आणि शहरांतील प्रवेशबंदी लक्षात घेऊन सरासरी वेग ताशी 40 किलोमीटर धरला आणि दिवसास दहा तासांची मर्यादा पाळली, तर एका चालकास साडेतीन दिवस लागतात. मालाचा ग्राहक तिसऱ्या दिवशी सकाळी पोच मागतो, आणि ठेका घेणारी कंपनी ती कबूल करते. गंमत अशी की, करवसुलीच्या दृष्टीने सरकार पुष्कळच उदार आहे : ई-वे बिलाची मुदत 2021 पासून दर 200 किलोमीटरांस एक दिवस या हिशेबाने मोजली जाते, म्हणजे याच प्रवासास सात दिवस मिळतात. घाई सरकारची नव्हे. ती दोन व्यापाऱ्यांमधील कराराची आहे, आणि त्या करारावर चालकाची सही नसते. एकेकाळी राष्ट्रीय परमिटाच्या गाडीवर निदान दोन चालक असावेत आणि दुसऱ्यास अंग पसरून निजता येईल अशी जागा असावी, असा दंडक केंद्रीय नियमांतच होता. 2018 साली तो काढून टाकण्यात आला आणि त्याच सुमारास फास्टॅग व वाहनाचा माग दाखवणारे यंत्र ही आवश्यक ठरली. दुसरा चालक गेला आणि त्याच्या जागी यंत्र आले. गाडी कोठे आहे हे ते यंत्र बिनचूक सांगते. चाक हाती घेण्याचे काम त्याच्याने होत नाही.

आता घाटाकडे येऊ, कारण ताफ्याच्या व्यवस्थेतील प्रत्येक हयगय शेवटी उतारावर वसूल होते. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी जवळजवळ पाचशे मीटर खाली येते. चाळीस टनांचे वाहन इतक्या उंचीवरून उतरले म्हणजे जी ऊर्जा कोठेतरी विरघळवावी लागते ती सुमारे 54 युनिट विजेइतकी, म्हणजे एखाद्या मध्यम कुटुंबास आठ-दहा दिवस पुरेल एवढी भरते. गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर तिचा मोठा वाटा इंजिन सोसते. न्यूट्रल टाकली की तो सगळा भार ब्रेकच्या ढोलांवर पडतो. ढोल तापून फुगतो, आतला लायनर त्याच्यापासून दूर पडू लागतो, हवेच्या दाबाने लायनर ढकलणारी दांडी पूर्वीपेक्षा लांब जाऊ लागते, आणि एका क्षणी ती आपल्या हद्दीच्या शेवटास पोहोचून लायनर ढोलावर दाबलाच जात नाही. चालक म्हणतो, ब्रेक फेल झाले. वास्तविक ब्रेक सकाळीच सैल होते. थंड असताना ती ढिलाई जाणवत नव्हती, एवढेच. इंजिनच बंद केले असेल तर हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो, दर दाबागणिक टाकीतील हवा घटत जाते, आणि सुकाणूही जड होते.

मग शहाणा चालक न्यूट्रल का टाकतो? पुष्कळ ताफ्यांत फेरीसाठी डिझेल मोजून दिले जाते आणि उरलेल्याची किंमत चालकाची असते. भत्ता तुटपुंजा, तेव्हा उतार ही त्याची कमाईची जागा ठरते. ज्या मालकाने ही पद्धत घातली त्याने, आपल्या नकळत का होईना, घाटात इंजिन सोडून देण्याबद्दल बक्षीस लावलेले असते. नवलाची गोष्ट अशी की, इलेक्ट्रॉनिक इंधनपुरवठ्याच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून उतरताना इंधन जवळजवळ पूर्णपणे तोडले जाते, आणि न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी उलट ते जाळावे लागते. म्हणजे इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यास बचतीऐवजी नुकसानच होते. ही साधी गोष्ट किती मालकांनी आपल्या चालकांस समजावून सांगितली असेल? 20 नोव्हेंबर 2022 रोजी पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यानंतरच्या उतारावर, नवले पुलाजवळ, एका ट्रकाने 48 वाहनांस ठोकरले. उतारावर इंजिन बंद ठेवल्याचे कारण प्राथमिक तपासातून पुढे आल्याचे त्या वेळी छापून आले होते. त्या उताराबद्दल पुढे पुष्कळ चर्चा झाली, आणि ती रास्तच होती. पण डिझेलच्या हिशेबाची चर्चा मी कोठे ऐकली नाही.

वजनाविषयी थोडक्यात सांगतो. जादा वजनाच्या गाड्यांकडून दंडाची रक्कम घेऊन त्यांना तसेच पुढे जाऊ देण्याचा शिरस्ता काही राज्यांत पडला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2005 मध्ये तो बेकायदा ठरवला. 2018 साली मर्यादाच वाढवण्यात आली आणि दहाचाकी ट्रकाचे एकूण वजन 25 टनांवरून 28.5 टनांवर गेले. 2019 च्या दुरुस्तीने जादा वजनाचा दंड 20,000 रुपये अधिक दर जादा टनास 2,000 रुपये असा झाला, आणि जादा माल उतरवल्याखेरीज गाडी हलवू नये असेही ठरले. या साऱ्यांत मला महत्त्वाचे वाटते ते कलम 113 मधील एक पोटकलम : चालक हा मालक नसेल तर जादा वजन मालकाच्या माहितीने किंवा त्याच्या हुकमाने भरले गेले असे न्यायालयास गृहीत धरता येईल. इतके नेमके, इतके व्यवहारज्ञ वाक्य त्या कायद्यात क्वचितच सापडेल. ज्याने ते लिहिले त्याने काट्यावर उभे राहून माल भरताना पाहिला असला पाहिजे. मात्र हे गृहीतक केवळ वजनाला लागू आहे. झोपेला नाही, ब्रेकला नाही.

जबाबदारी कोणाची, या प्रश्नाची दोन निरनिराळी उत्तरे दोन देशांच्या न्यायालयांतून मिळाली, ती आपल्यापुढे ठेवतो. 9 फेब्रुवारी 2015 रोजी इंग्लंडमधील बाथ या शहरात एका तीव्र उताराच्या गल्लीत खडी भरलेल्या टिपरचे ब्रेक निकामी झाले. एक चार वर्षांची मुलगी आणि एका मोटारीतील तिघे मृत्यू पावले. चालक 19 वर्षांचा, नुकताच परवाना मिळालेला. आपल्याकडे असा प्रसंग घडला असता तर खटल्याचा शेवट काय झाला असता, हे सांगण्याची आवश्यकता नाही. तेथे तपास ब्रेकपासून मागे मागे, देखभालीच्या वहीपर्यंत गेला. चालक निर्दोष सुटला, आणि कंपनीचा मालक व तिचा यांत्रिक हे दोघे मनुष्यवधाबद्दल दोषी ठरून मालकास साडेसात वर्षांची आणि यांत्रिकास सव्वापाच वर्षांची शिक्षा झाली. दुसरा प्रसंग 6 एप्रिल 2018 चा, कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातील. हम्बोल्ट येथील तरुण हॉकीपटूंची बस आणि दोन जोडगाड्या ओढणारा ट्रक यांची चौकात टक्कर होऊन 16 जण गेले आणि 13 जखमी झाले. ट्रकचालक भारतातून गेलेला तरुण. शिक्षण जेमतेम दोन आठवड्यांचे. मालावरची सुटलेली ताडपत्री फडफडत होती तिच्याकडे लक्ष जाऊन थांबण्याची खूण त्याच्या नजरेतून सुटली, असे त्याच्या वतीने सांगण्यात आले. त्याने गुन्हा कबूल केला आणि त्यास आठ वर्षांची कैद झाली. ज्या मालकाने त्यास त्या गाडीवर पाठवले त्यास तासांच्या नोंदी आणि सुरक्षेची व्यवस्था न ठेवल्याबद्दल 5,000 डॉलर दंड झाला. चालकाची चूक मोठी होती, आणि मृत मुलांच्या आईबापांपुढे उभे राहून तिचे समर्थन कोणी करू धजणार नाही. तथापि आठ वर्षे आणि पाच हजार डॉलर ही दोन मापे शेजारी ठेवली म्हणजे, उद्या दुसऱ्या एखाद्या मालकास अननुभवी चालक अवजड गाडीवर बसवताना किती काळ विचार करावासा वाटेल, हा प्रश्न उरतोच.

बाथचा निकाल तसा लागण्यामागे ज्युरीच्या सदसद्विवेकाइतकीच एक जुनी व्यवस्थाही होती. ब्रिटनमध्ये 1968 च्या परिवहन कायद्यापासून परवाना वाहनास व चालकास आहेच, पण त्याखेरीज माल वाहण्याच्या धंद्यालाही आहे. हा परवाना मागणाऱ्यास आपली वर्तणूक दाखवावी लागते, व्यावसायिक वाहतुकीसाठी परीक्षा उत्तीर्ण झालेला व्यवस्थापक नेमावा लागतो, आणि पहिल्या वाहनासाठी 8,000 पौंड व पुढील प्रत्येक अवजड वाहनासाठी 4,500 पौंड आपल्या हाताशी असल्याचा पुरावा द्यावा लागतो. प्रथमदर्शनी ही शेवटची अट धनिकांच्या सोयीची वाटते. तिचे कारण मात्र निराळे आहे : ज्याच्या गाठीस दुरुस्तीपुरते पैसे नाहीत तो ब्रेकचे काम पुढल्या फेरीवर ढकलणार, हे कायद्याने आधीच ओळखलेले आहे. व्यवस्थापक नावापुरता असल्याचे आढळले तर वाहतूक आयुक्त जाहीर चौकशी करून त्यास त्या कामास अपात्र ठरवू शकतो, आणि ताफ्याचा परवानाही काढून घेऊ शकतो.

आपल्याकडे हीच गोष्ट जशीच्या तशी आणावी, असे मी म्हणणार नाही. दोन ट्रकांच्या मालकाकडे ठेव मागितली तर तो सावकाराकडून एका दिवसापुरती आणून दाखवील. परंतु शिक्षेचा सारा भार एकट्या चालकावर टाकण्याने काय होते, याचा धडा आपणांस जानेवारी 2024 च्या पहिल्या दोन दिवसांत मिळालेला आहे. अपघातानंतर पळून जाणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षा देणाऱ्या भारतीय न्याय संहितेतील तरतुदीविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या. मनमाडजवळ पानेवाडीच्या इंधन डेपोंतून टँकर निघेनात, आणि गावोगाव पंपांवर रांगा लागल्या. सरकारने आश्वासन दिले आणि 1 जुलै 2024 रोजी संहिता अमलात आली तेव्हा ते एक पोटकलम बाजूस ठेवण्यात आले. अपघातस्थळावरून पळ काढणे निंद्य आहे, यात वाद नाही. पण जमावाच्या हाती सापडण्याचे भय ज्यांनी कधी अनुभवले नाही त्यांनी या संपाची टिंगल केली, ती मला बरी वाटली नाही.

तर मग ताफ्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याने करावे काय? कंपनीत हा पदाधिकारी बहुधा कागद जमवतो, मुदती सांभाळतो, अपघात झाल्यावर कैफियत लिहितो आणि वर्षातून एकदा चालकांचे नेत्रतपासणी शिबिर भरवतो. ही कामे हवीच आहेत. विशेषतः मालवाहू वाहनाच्या परवान्याची मुदत 2019 साली तीन वर्षांवरून पाच वर्षांवर गेल्यामुळे डोळ्यांची तपासणी कायद्याच्या भरवशावर सोडण्यात अर्थ राहिलेला नाही. पण एखाद्या ताफ्याची पारख करावयास मी गेलो की पहिल्या प्रथम मागत असे ती न गेलेल्या गाड्यांची वही. मागच्या तिमाहीत कोणकोणत्या गाड्या माल भरलेला असताना थांबवल्या, कोणी थांबवल्या, कशासाठी, आणि ज्याने थांबवले त्यास पुढे काय ऐकून घ्यावे लागले? पुष्कळ ठिकाणी अशी वही नसेच. एका ठिकाणी ती होती आणि कोरी होती. तेथील व्यवस्थापकाने मोठ्या अभिमानाने सांगितले की, आमच्याकडे गाडी थांबवण्याची वेळच येत नाही. ज्या ताफ्यात घाटावरच्या गाड्या आहेत, पावसाळा आहे, ताप येणारी माणसे आहेत, तेथे तीन महिन्यांत एकही गाडी थांबवण्याजोगी नव्हती, यावर माझा विश्वास बसला नाही.

हा अधिकार कागदावर देऊन भागत नाही. सुरक्षा अधिकारी वाहतूक व्यवस्थापकाच्या हाताखाली असेल, आणि त्या व्यवस्थापकाची बढती वेळेवर पोहोचलेल्या फेऱ्यांच्या संख्येवर ठरत असेल, तर अधिकाऱ्याने एकदाच गाडी थांबवावी आणि दुसऱ्या दिवशी नोकरी शोधावी, अशी त्याची अवस्था होते. म्हणून त्याने थेट मालकास किंवा संचालकांस जबाबदार असले पाहिजे. त्याचप्रमाणे चालकासही, थकव्याचे किंवा ब्रेकचे कारण सांगून निघण्यास नकार दिल्याबद्दल, त्या फेरीचा भत्ता बुडणार नाही अशी लेखी हमी हवी. पहिल्या महिन्यांत तिचा दुरुपयोग होईल, असे मालक म्हणतात. होईलही. पण जो चालक फेरीच्या हिशेबाने पोट भरतो त्यास घरी बसून राहण्याची हौस किती काळ पुरेल?

अलीकडे केबिनमध्ये चालकाच्या चेहऱ्यावर रोखलेले कॅमेरे बसवण्याची टूम निघाली आहे. डोळे मिटू लागताच ते शिटी वाजवतात. त्यांच्या उपयुक्ततेविषयी मला शंका नाही. माझी तक्रार इतकीच की, रात्री अडीच वाजता वाजलेल्या त्या शिटीची नोंद कार्यालयात सकाळी दहा वाजता उघडली जाते, तिच्याबद्दल चालकास समज दिली जाते, आणि त्यास तेरा तासांच्या खोटीनंतर रवाना करणाऱ्या इसमाचे नाव त्या नोंदीत कोठेच येत नाही. मोठ्या ट्रकांच्या केबिनमध्ये वातानुकूलन हवे, असा नियम 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या गाड्यांस लागू झाला, तो या कॅमेऱ्यांहून अधिक झोप देईल, असा माझा अंदाज आहे. जुन्या गाड्या मात्र अजून पुष्कळ वर्षे तापतच राहणार.

राहिला माल पाठवणारा. ऑस्ट्रेलियात अवजड वाहनांच्या कायद्यात 1 ऑक्टोबर 2018 पासून असे तत्त्व अंगीकारले गेले आहे की, माल पाठवणारा, बांधणारा, भरणारा, वेळापत्रक आखणारा आणि स्वीकारणारा, यांपैकी प्रत्येकावर वाहतुकीच्या सुरक्षिततेचे स्वतंत्र कर्तव्य आहे, आणि चालकास वेग किंवा तास मोडणे भाग पडेल असा करार करणे हाच गुन्हा आहे. एवढी मजल मारावयास आपल्यास काळ लागेल. परंतु आपल्या 2007 च्या रस्त्यावरील मालवाहतूक कायद्यानुसार माल पाठवणाऱ्याने मालाचे वर्णनपत्र भरून द्यावयाचे असते आणि वाहतूकदाराने त्याची पावती द्यावयाची असते. हे दोन्ही कागद आजही रोज लाखो फेऱ्यांबरोबर फिरत आहेत. त्या वर्णनपत्रात तीन रकाने वाढवावेत : गाडी फाटकावर केव्हा आली, माल भरून केव्हा झाला, आणि ती फाटकाबाहेर केव्हा पडली. तिन्हींपुढे पाठवणाऱ्याच्या कारकुनाची सही असावी. खोटीच्या मोबदल्याचा तंटा त्याने सुटेल, चालक किती तासांचा थकून निघाला हे दुसऱ्या टोकाच्या माणसास वाचता येईल, आणि दुर्दैवाने काही घडलेच तर तपास करणाऱ्या फौजदाराच्या हाती कारखान्याच्या फाटकापर्यंत पोहोचवणारा एक तरी दस्त येईल. कारखानदार हे आपण होऊन करणार नाहीत, अशी शंका एका मित्राने व्यक्त केली, आणि ती योग्य आहे. पण वाहतूकदारांच्या एखाद्या जिल्हा संघटनेने आपल्या सभासदांपुरते असे छापील वर्णनपत्र काढून, त्यावर सही मिळाल्याखेरीज गाडी हलवावयाची नाही असे ठरवले, तर त्यासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहीत. नमुना मी तयार करून आणला आहे. सभा संपल्यावर ज्यांना हवा असेल त्यांनी तो व्याख्यानमालेच्या चालकांकडून मागून घ्यावा.